किती नंबरची गोटी?

आमच्या संघटनेकडे एक जुनी मोटरसायकल आहे. एका हितचिंतकाने नवी गाडी घेतली तेव्हा जुनी आम्हाला देऊन टाकली. जालना जिल्ह्यात वाड्या-वस्त्यांवर काम करायचे तर स्वतःच्या वाहनाशिवाय भागत नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धे तिकीट झाले ही चांगलीच गोष्ट झाली, पण ज्या फाट्यावर दिवसातून दोनदाच गाडी येते तिथे अर्ध्या तिकिटाचे करायचे काय? म्हणून आम्ही दोघी-तिघी ही गाडी चालवायला शिकलो. लोक बघत, पोरे मागे ओरडत. आता सवय झाली आहे, त्यांनाही आणि आम्हालाही.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. घनसावंगी तालुक्यातल्या एका वस्तीवरची बाई आमच्याकडे येऊन गेली होती. नवऱ्याची मारहाण, दिराची दमदाटी, दोन लेकरे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली अर्ज करायचे ठरले. सकाळी नऊ वाजता तिने लेकरांना घेऊन फाट्यावर यायचे, आम्ही दोघी गाडीवर पोहोचायचे, मग एकीने तिच्याबरोबर काळीपिवळीत बसून अंबडला यायचे, असा बेत होता. घरातून ती कशी निघणार, काय सांगून निघणार, हे तिने आठ दिवस आधीपासून जुळवले होते.

अंबड ओलांडून थोडे पुढे गेलो आणि गाडीचा क्लच गेला. आधी खडखड आवाज, मग क्लच दाबला तरी गिअर सुटेना, आणि शेवटी इंजिन ओरडते आहे पण गाडी जागची हलत नाही, अशी अवस्था. ढकलत परत आणली. गॅरेज उघडायची वाट पाहिली. मिस्त्रीने कव्हर उघडले तेव्हा साडेअकरा झाले होते. आमची दुसरी मैत्रीण मिळेल त्या जीपने पुढे गेली, ती पोहोचली तेव्हा फाट्यावर कोणी नव्हते. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितले की एक बाई दोन लेकरे घेऊन दोन तास उभी होती, मग मोटरसायकलवर कोणी आला आणि तिला बसवून घेऊन गेला. तो तिचा दीर होता. ती पुन्हा घराबाहेर पडू शकली ती अडीच महिन्यांनी. त्या अडीच महिन्यांत तिचे काय झाले ते मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे, सांगायचे तर तिने सांगावे.

मिस्त्रीने कव्हर काढून आत बोट दाखवले आणि म्हणाला, “ताई, याच्या आधी कोणी उघडलं होतं हे? छन्नीनं मारलंय बघा.” क्लचच्या मधोमध एक गोल नट होता. त्याला चार खाचा असायला हव्यात. खाचांच्या कडा ठेचून सपाट झाल्या होत्या, आणि नट अर्धाअधिक सैल होऊन वर आला होता. पंधरा दिवसांपूर्वी दुसऱ्या एका गॅरेजात आम्ही क्लच-प्लेटी बदलून घेतल्या होत्या. तिथे या नटाची योग्य गोटी नव्हती. म्हणून छन्नी लावून हातोडीने तो काढला, आणि तसाच ठोकून बसवला. मी त्या दिवशी तिथेच स्टुलावर बसले होते. हातोडीचे ठोके मी ऐकले होते. मला वाटले, असेच करत असतील.

मला आजही बोचते ते हेच. मी एम.एस.डब्ल्यू. केले आहे. पोलीस ठाण्यात जमादार तक्रार घेत नसेल तर कोणते कलम सांगायचे ते मला माहीत आहे. दवाखान्यात डॉक्टरने तपासणी नीट केली नाही तर मी विचारते. पण गॅरेजात माझ्यासमोर चुकीचे काम चालले होते आणि मला प्रश्नसुद्धा विचारता आला नाही, कारण प्रश्न कोणता विचारायचा हेच ठाऊक नव्हते.

अंबडच्या मिस्त्रीकडे त्या नटाची गोटी होती. बाजारातली नव्हे, जुनी मोठी गोटी घासून तिला चार दात काढून त्याने स्वतः बनवलेली. मी विचारले, “किती नंबरची लागते ही?” तो हसला. “तुम्ही काय करणार ताई माहीत करून? गाडी आणून सोडायची, आम्ही आहोत की.” माणूस चांगला होता. पैसेही वाजवी घेतले. पण त्याच्या त्या हसण्यावरच हा लेख आहे.

नंतर आम्ही जालन्यातल्या एका वयस्क मिस्त्रींच्या मागे लागलो. त्यांनी आता गॅरेज मुलाच्या हवाली केले आहे. आधी त्यांना थट्टा वाटली, मग सहा रविवार त्यांनी आम्हा पाचजणींना शिकवले. त्यांच्याकडून जे कळले ते इथे लिहिते, कारण ते मैत्रिणींना उपयोगी पडेल. शिवाय त्यात गूढ असे काही नाही हेही दिसेल.

गोटी म्हणजे नटावर वरून टोपीसारखी बसणारी, मागे चौकोनी भोक असलेली नळी. त्या चौकोनात दांडा किंवा रॅचेट अडकवायचा. गोटीवर छापलेला आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर, मिलिमीटरमध्ये. बोल्टची जाडी नव्हे. इथेच पहिली फसगत होते. ६ मिलिमीटर जाडीच्या बोल्टचे डोके सर्वसाधारणपणे १० चे असते, पण होंडा घराण्यातल्या गाड्यांच्या इंजिन-कव्हरवर तोच ६ चा बोल्ट बहुधा ८ च्या डोक्याचा येतो. ८ मिलिमीटरच्या बोल्टला युरोपीय रिवाजाने १३ ची गोटी लागते, जपानी रिवाजाने १२ ची. आपल्याकडच्या बहुतेक मोटरसायकली होंडा, सुझुकी, यामाहा, कावासाकी या जपानी कंपन्यांच्या हाताखालून आल्या. हिरो आणि होंडा १९८४ साली एकत्र आले, त्यांची पहिली गाडी १९८५ ची. त्यामुळे ८, १०, १२, १४, १७ या गोट्या हाताशी असल्या की अशा गाड्यांचे पुष्कळसे काम निघते. १३ आणि १९ पेटीत असतात, पण त्यांची गाठ कमी पडते.

जुनी बुलेट आली की हिशेब बदलतो. तिचे जुने नट इंचाच्या मापाचे, तेही व्हिटवर्थ नावाच्या जुन्या इंग्रजी पद्धतीचे. त्या पान्यावर पाव इंच लिहिलेले असले तरी त्याचे तोंड पाव इंच नसते, दुपटीहून थोडे जास्तच असते, कारण तो आकडा बोल्टच्या जाडीचा आहे. अशा नटावर मिलिमीटरची गोटी ‘बसते की’ म्हणून चढवली की घोटाळा. साधा अर्धा इंच घ्या. म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ ची गोटी सहज चढते, पण ०.३ मिलिमीटर ढिली राहते. एवढ्याशा ढिलाईने काय होते? जोर लावला की गोटी फक्त कोपऱ्यांवर दाब देते, कोपरे घासतात, आणि नट गोल होतो. गोल झालेला नट मग छन्नीनेच काढावा लागतो. छन्नीची सवय अशी लागते.

आणि एक. काही गोट्यांना आत सहा कोन असतात, काहींना बारा. बाराची पटकन बसते, कशीही फिरवा, पण तिची पकड कोपऱ्याजवळच असते. घट्ट बसलेल्या, जुन्या, गंजलेल्या नटाला सहा कोनांचीच घ्यावी, ती बाजूंना धरते. गोटी हाताने तळापर्यंत बसली पाहिजे आणि हलवून पाहिली तर डुगडुगता कामा नये. ठोकून बसवावी लागत असेल तर लहान आहे, डुगडुगत असेल तर मोठी आहे. शंका असेल तर व्हर्निअर लावून मोजावे.

क्लचपाशी आणखी एक पायरी येते. कव्हर काढायच्या आधी ऑइल काढायचे, किकचा दांडा काढायचा, मग कव्हरचे बोल्ट. ते एकसारख्या लांबीचे नसतात, म्हणून पुठ्ठ्यावर कव्हरचे चित्र काढून ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवायचा. (ही युक्ती मिस्त्रींची नाही. आमच्यातल्या एकीची आहे. ती ब्लाउज शिवते, कापलेले तुकडे असेच मांडून ठेवते.) आत क्लचच्या प्लेटी असतात, एक घर्षणाची, एक पोलादी, अशा एकाआड एक. स्प्रिंगा त्यांना आवळून धरतात. आपण क्लच दाबतो तेव्हा तो आवळ सुटतो. काही रचनांत स्प्रिंगचे बोल्ट काढले की प्लेटी हातात येतात. काहींत मधला नट काढल्याशिवाय प्लेटी निघतच नाहीत. तो नट कधी सहा कोनी असतो, कधी गोल आणि खाचांचा. खाचांच्या नटाला नेहमीची कोणतीच गोटी चालत नाही. त्याला खाचांच्या मापाच्या दातांची खास गोटी लागते. व्हेस्पाच्या घराण्यातल्या जुन्या चेतकलाही क्लचवर अशीच लागायची. म्हणजे ‘किती नंबरची’ हा माझा प्रश्नच मुळात अपुरा होता. किती खाचा, दात किती रुंद, दोन समोरच्या दातांमध्ये अंतर किती, असे विचारायला हवे होते. नट फिरवताना क्लचही फिरतो, म्हणून तो धरून ठेवायलाही साधन लागते. आणि बसवताना नटाखालची लॉक वॉशर पुन्हा नीट अडकवायची, नाहीतर नट सैल होतो. आमच्या गाडीत तेच झाले होते.

हे सगळे ऐकताना माझ्या मनात सारखा कासार येत होता. बांगड्यांचे माप आपल्या आयाबाया कसे सांगतात? दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ. म्हणजे दोन इंच आणि वर सोळांश किती. दोन-चारची बांगडी आतून सव्वादोन इंच. शाळेची पायरी न चढलेली आजी इंचाचे सोळा भाग करून माप सांगते आणि हाताला काय बसेल ते नजरेने ओळखते. शिलाई मशीनवर बसणारी बाई कापड बघून चौदाची सुई लावते की सोळाची, धाग्याचा ताण किती ठेवते, बॉबिनची केस उघडून साफ करते. हे मापन नाही? यंत्र सांभाळणे नाही? पण त्याला कोणी ‘टेक्निकल’ म्हणत नाही.

मग बाईला पाना जमत नाही हे कोणी ठरवले? याची मुळे गॅरेजवाल्या दादांच्या हसण्यात नाहीत, फार वर आहेत. १९४८ च्या कारखाना कायद्यातले बावीसावे कलम पाहा. यंत्र चालू असताना त्याच्या फिरत्या भागांची सफाई, तेलपाणी, जुळवणी करताना इजा होण्याचा धोका असेल तर ते काम स्त्रीला आणि अल्पवयीनाला देऊ नये, असे त्यात होते. धोका तर खराच. पण चालू पट्ट्यात पुरुषाचा हात सापडला तर तुटत नाही काय? तो धोका सर्वांसाठी बंद करायचा सोडून कायद्याने प्रौढ बाईला पोरासोरांच्या रांगेत बसवले. सत्तावीसावे कलम तर आपल्या जालन्याच्या ओळखीचे, कापूस दाबण्याच्या कारखान्यात कापूस मोकळा करणारे यंत्र चालते त्या भागात बायका आणि मुले नकोत, असे सांगणारे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. सर्व प्रकारच्या कामांवर स्त्रियांना हक्क आहे असे तीत म्हटले आहे. या संहितांबद्दल कामगार संघटनांचे जे गंभीर आक्षेप आहेत ते मला मान्य आहेत, तो स्वतंत्र विषय आहे. पण पंचाहत्तर वर्षे जे कायद्यात होते ते आपल्या अंगात मुरले आहे, ते एका तारखेला निघून जाणार नाही.

१९७४ साली पुण्याच्या टेल्कोने इंजिनिअर हवेत म्हणून जाहिरात दिली, आणि तीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असे छापले. बंगळूरला शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी, म्हणजे नंतरच्या सुधा मूर्तींनी, सरळ जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला आणि नोकरी मिळवली. ही गोष्ट आपण शाळा-कॉलेजांतून कौतुकाने सांगतो. मला त्यात नेहमी वाटते की ते कार्ड लिहायला आधी इंजिनिअरिंगची पदवी लागली. दहावीनंतर परतूरच्या किंवा मंठ्याच्या मुलीने कोणाला कार्ड लिहायचे?

पुढे बाजाराने आणखी एक सोय केली. १९७२ ची लुना, १९८४ नंतरची कायनेटिक होंडा, मग आताच्या सगळ्या बिनगिअरच्या स्कूटर. बायकांना या गाड्यांनी मोकळे केले यात शंका नाही. माझी आई लुनावरच बँकेत जात असे. पण त्याचबरोबर एक वाटणी होऊन बसली, क्लचची गाडी पुरुषाची आणि बिनक्लचची बाईची. गंमत अशी की बिनगिअरच्या स्कूटरलाही क्लच असतोच. तो वेगाने आपोआप पकडतो, एवढेच. हाताखालचा दांडा गेला, आतला क्लच तिथेच आहे, त्याचा नट काढायला गोटी तशीच लागते. आपल्याला दिसू नये अशा जागी ठेवला म्हणून तो नाही असे आपण मानले.

ताकदीचा मुद्दा हमखास येतो. “लई जोर लागतो ताई.” कोणाला सांगता? आपल्या जिल्ह्यातून दर दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जोडपी ऊसतोडीला जातात. बाई पहाटे उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढते. नवराबायको मिळून ‘एक कोयता’ धरतात आणि उचल घेतो नवरा, तेव्हा तिचा जोर कोणाला दिसत नाही. आणि नटाला जोर लागतो तो हिशेबाने. कव्हरच्या लहान बोल्टला साधारण एक किलोग्रॅम-मीटर एवढाच आवळ पुरतो, जास्त लावला तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. जोरदार पुरुषांकडूनच ते जास्त जातात, असे आमचे मिस्त्रीच म्हणाले. क्लचच्या मधल्या नटाला समजा सहा किलोग्रॅम-मीटर लागले, तर ४० सेंटिमीटरच्या दांड्याच्या टोकाला १५ किलोचा जोर द्यावा लागेल. भरलेल्या मोठ्या हंड्याचे वजन जवळपास तेवढेच. दांडा दुप्पट लांब घेतला तर जोर निम्मा. हे सातवी-आठवीच्या विज्ञानात तरफ म्हणून आपण शिकलेलो असतो, परीक्षेपुरते.

आता आपल्या स्वतःच्या कामाबद्दल बोलते, कारण बोट दुसऱ्याकडे दाखवणे सोपे आहे. १९७५ साली महिला आर्थिक विकास महामंडळ झाले. १९९४ साली महाराष्ट्राने देशात पहिले महिला धोरण आणले. बचत गट उभे राहिले, उमेद आले. या सगळ्यात बायकांना जे शिकवले गेले त्याची यादी तोंडपाठ आहे, शिवणकाम, पापड-लोणची, मसाले, ब्युटी पार्लर, अगरबत्ती. आमच्या संस्थेनेही हेच केले. मी स्वतः तीन वर्षे शिवणवर्गाचे अहवाल लिहिले आहेत. एका गावात चाळीसजणी शिवण शिकल्या आणि गाव तेवढेच राहिले, मग कोण कोणाचे शिवणार? त्याच गावाच्या फाट्यावर दुरुस्तीला आलेल्या गाड्यांची रांग रोज दिसे. आम्ही रोज त्या रांगेवरून जात होतो.

आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. मोटार मेकॅनिकच्या वर्गात त्यातल्या किती मुली बसतात हे आपापल्या तालुक्यात जाऊन बघावे. मी ज्या एकीला ओळखते ती बसली. दोन वर्षे काढली. तिने सांगितले ते असे. प्रात्यक्षिकाला एका इंजिनभोवती पाच-सहाजण. पोरे आत वाकलेली, ती मागे. सर म्हणायचे, “तुझं अक्षर चांगलं आहे, तू जर्नल लिही.” सगळ्यांची जर्नले तिने लिहिली. नंतर शिकाऊ उमेदवारीला गेली तर शोरूमने तिला काउंटरवर बसवले, जॉबकार्ड भरायला. गाडीवाला सांगेल ते लिहायचे, क्लच घसरतो, ब्रेक लागत नाही. पाना हातात न घेता तिचे मेकॅनिकचे प्रमाणपत्र पुरे झाले. सरांनी तिला त्रास दिला नाही, उलट काळजीच घेतली, हात काळे होऊ नयेत म्हणून. अशा काळजीविरुद्ध तक्रारअर्ज कसा लिहायचा ते मला अजून सुचलेले नाही.

उलट बाजूची उदाहरणेही आहेत. एसटीच्या कार्यशाळांतून आता बायका काम करताना दिसतात. बजाजने २०१६ साली डॉमिनार ही मोठी मोटरसायकल आणली तेव्हा चाकणला तिची जुळणी स्त्रियांची लाइन करते, असे कंपनीने जाहीर केले होते. याच कंपनीचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून आपल्या शेजारी आहे. आपल्या भागातली कितीतरी घरे त्यावर उभी राहिली. म्हणजे मुली गाडी जोडू शकतात हे सिद्धच झाले. तरी मला कारखान्याची लाइन आणि गॅरेज यांत एक फरक वाटतो. लाइनवर कोणत्या जागी कोणती गोटी, किती आवळ, हे दुसऱ्याने आधी ठरवलेले असते. मुलीने तेच हजार वेळा करायचे. गॅरेजात गाडी कोणती येईल सांगता येत नाही, नट बघून गोटी निवडावी लागते. निवड करणाऱ्याला मिस्त्री म्हणतात. आपल्याला मुली लाइनवर हव्यात, पण मिस्त्रीही व्हायला हव्यात.

आमच्या बैठकीत यावर बरीच वादावादी झाली. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाल्या, बलात्कार, हुंडा, मजुरी एवढे प्रश्न समोर असताना तुम्ही नट-बोल्ट काय घेऊन बसलात? त्यांचा मला आदर आहे, पण फाट्यावर दोन तास उभ्या राहिलेल्या त्या बाईला विचारले तर हे प्रश्न तिला वेगवेगळे वाटणार नाहीत. दुसरी म्हणाली, आता विजेच्या गाड्या येतील, त्यांना क्लचच नाही, मग हे शिकून काय उपयोग? अर्धे खरे आहे. चेतकसुद्धा २०२० पासून विजेवर आली. पण खेड्यात आजची गाडी पंधरा-वीस वर्षे चालवतात, आणि विजेच्या गाडीचेही चाक नटानेच बसते. उलट तिथे सगळे मेकॅनिक नव्यानेच शिकणार आहेत. आत्ता मुली आल्या तर मागच्या रांगेत उभे राहावे लागणार नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त जड वाटला. तो गॅरेजात काम केलेल्या एका बापाचा होता. तो म्हणाला, “ताई, या धंद्यात आहे काय? बारा वर्षांचा होतो तेव्हापासून उस्तादचा मार खाल्ला. नखातलं काळं लग्नातसुद्धा गेलं नाही. पोरीला यात कशाला घालता?” त्याचे खोटे नाही. आपल्या गॅरेजांची शाळा म्हणजे शिव्या, चापट्या आणि फुकट राबणारी पोरे. ‘छोटू’ म्हणून हाक मारली जाणारी ती पोरे शाळेत असायला हवीत. त्या शाळेत आपल्या मुली पाठवाव्यात असे मी म्हणत नाही. मात्र ते सोडून शिकायची दुसरी जागा नसावी यालाच माझी हरकत आहे. पाने ओळखायला मार खावा लागत नाही, आम्ही सहा रविवारांत चहा पिऊन शिकलो.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे संस्थेच्या कोणत्याही कौशल्यवर्गात पहिले दोन दिवस पान्यांचे असतील, मग तो शिवणवर्ग असो की मसाल्याचा, कारण शिवण मशीनलाही नट आहेत आणि पिठाच्या गिरणीलाही. आयटीआयच्या प्राचार्यांना आम्ही लेखी विचारले आहे की प्रात्यक्षिकात मुलीने स्वतः उघडून बसवलेल्या कामांची नोंद वेगळी ठेवता येईल का. उत्तर आलेले नाही, पुन्हा पाठवू. गावोगाव फिरणाऱ्या आशा, अंगणवाडी सेविका, कृषी सखी यांना दुरुस्तीचे दोन दिवसांचे शिबिर हवे आहे, याद्या जमत आहेत. क्लच उघडणे त्यात नसेल. क्लचच्या दांड्याला टोकाशी एक-दोन सेंटिमीटर मोकळी चाल असावी लागते, ती वायरच्या नटावर कशी जुळवायची, प्लग कसा काढायचा, चेन कशी ओढायची, आणि गॅरेजात बसून कोणते प्रश्न विचारायचे, एवढे असेल. आमच्या मिस्त्रींनी यायचे कबूल केले आहे, मात्र दुपारची झोप चुकवणार नाहीत.

ती बाई अडीच महिन्यांनी स्वतःच अंबडला आली, एसटीने. अर्ज दाखल झाला आहे, तारखा चालू आहेत. परवा ऑफिसात बसली असताना तिच्या धाकट्याने पान्यांची पेटी उघडून गोट्या ओळीने लावल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत, एकही न चुकता. ती म्हणाली, “घरी वाट्या बी अशाच लावतो.”

पेटी आम्ही वर्गणी काढून घेतली आहे. ८ पासून ते २४ पर्यंतच्या सहा कोनी गोट्या, रॅचेट, लांब दांडा, आणि खाचांच्या नटासाठी मिस्त्रींनी घासून दिलेली चार दातांची गोटी. पेटी ऑफिसात फायलींच्या कपाटाशेजारी असते, कोणीही वहीत नोंद करून न्यावी. १० ची गोटी दिवाळीपासून जागेवर नाही. जिच्याकडे असेल तिने कृपया आणून द्यावी.